घसारा

जबलपूरचे घोषालबाबू फोनवर म्हणाले होते,
गाडी मक्खन है, मॅडम.
तेहतीस वर्षं विमा कचेरीत दावे तपासलेत मी,
मक्खन हा शब्द मला चांगला ठाऊक आहे.
तरी गेले.
सोबत इंदोऱ्याचा धनपाल खोब्रागडे,
पान्ह्यांची पिशवी, गियर ऑइलचा डबा
आणि तिखटमिठाच्या पुऱ्या.

डुक्कर फियाट. अठ्ठावन्नचं मॉडेल.
फोटोत निळी होती. समोर आली तर
निळा, करडा, आणि कुणी घरच्या ब्रशनं मारलेला
तिसराच एक रंग.
पुढची दारं उलटी उघडणारी:
आत ये, पण पाठ करून बस.

धनपालनं पायाखालची मॅट उचलली.
खाली अंगणातली फरशी दिसली, फरशीवर एक मुंगळा.
"मॅडम, हे तं मोकळंच हाये."
घोषालबाबू चष्मा पुसत राहिले,
मग आतून वही घेऊन आले.
एकोणसाठपासूनचं पेट्रोल, लिटर आणि तारखेसकट,
आणि मध्येच एका ओळीत, त्याच शाईत:
मीनूला दवाखान्यात नेलं. मुलगी झाली.

मी घासाघीस केली नाही.
ती धनपालनं केली, फाटकाबाहेर उभं राहून,
सात हजारांनी.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं,
पुण्याला लेकालाही नाही, जो म्हणाला,
आई, हप्त्यावर नवी घे ना.
अठ्ठ्याण्णव साली एक फाइल आली होती,
अशीच गाडी, वर्धा रोडवर ट्रकनं चेपलेली.
मालक वडनेरकर. रोज अकराला येऊन
माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचे.
घसारा वजा जाता मी रक्कम काढली,
चार हजार दोनशे.
बाई, ते म्हणाले, एवढ्यात तिचा आरसा येत नाही.
मी म्हटलं, नियम आहे.
चेक न्यायला ते आले नाहीत.
मुदत संपली. रद्दचा शिक्काही मीच मारला.

लखनादौनपर्यंत गाडी नीट वागली.
सिवनीच्या अलीकडे उन्हात गप्प झाली.
धनपालनं माझा रुमाल ओला करून
पेट्रोलच्या पंपाला गुंडाळला.
"थंडी होऊ द्या तिले. घाई कराल तं रुसन."
आम्ही सागाखाली बसून पुऱ्या खाल्ल्या.
खवाशाला पोलिसानं कागद पाहिलेच नाहीत, विचारलं,
इस नानी को कहाँ ले जा रहे हो?
नागपूर, मी म्हटलं,
आणि पहिल्यांदा ते मलाच खरं वाटलं.

मनसरपासून मी चालवली.
गियर स्टेअरिंगला; पहिला शोधावा तर तिसरा हाती येतो.
फटीतून डांबर वाहत होतं,
माझ्या चपलेखालून, एक वीतभर अंतरावर,
मनसर, कन्हान, कामठी.
ऑटोमोटिव्ह चौकात, नाव राखायला असेल,
ती बंद पडली.
पानठेल्यावरची चार पोरं धावत आली, ढकलली,
एक जण खिडकीत वाकून म्हणाला,
काकू, विकाची हाय का?

आता फटीवर संत्र्याच्या पेटीची फळी आहे.
वहीत घोषालबाबूंच्या अक्षराखाली
मी माझं लिहिलंय: मनसर, नऊ लिटर.
पुढे काय लिहायचं सुचलं नाही,
म्हणून लिहिलं, ऊन फार होतं.

आणि आरटीओच्या फेऱ्या.
जबलपूरची ना-हरकत, एक सही कमी.
कराची पावती.
चेसिसचा नंबर, कागद ठेवून पेन्सिलीनं घासून उमटवलेला,
दोन आकडे पुसट.
खिडकीतली मुलगी, नवीच लागलेली,
अर्ज परत सरकवत म्हणाली,
आजची किंमत लिहिली नाहीत.
मी म्हटलं, तो रकाना राहू दे ना रिकामा.
नाही चालत, बाई. नियम आहे.

मी बाजूच्या बाकावर जाऊन बसले.
अकरा वाजले होते.